परतीची तार

विद्युत्शास्त्राशी माझा संबंध घरातील दिव्याची कळ दाबण्यापलीकडे कधी गेला नव्हता. मी एम्. ए. झालो तो इतिहास हा विषय घेऊन. आणि त्यानंतरची वीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत टिपणे, आदेश आणि स्मरणपत्रे यांच्या सहवासात काढली. अशा माणसाने आपणांसमोर तांब्याच्या तारेविषयी बोलावयास यावे, हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. परंतु गेल्या वर्षी बंगळूरच्या माझ्या बिऱ्हाडात एका बिघडलेल्या तारेने मला चार दिवस जे नाचविले आणि अखेरीस जे शिकविले, ते तंत्रज्ञांना ठाऊक असले तरी माझ्यासारख्या अनेकांना ठाऊक नसावे, असे वाटते. म्हणून ही हकीकत.

आम्ही मल्लेश्वरम् भागात राहतो. वडील गेल्यावर काही वर्षांनी मिरजेचे घर बंद करून आई आमच्याकडे आली. कानडी भाषा तिला अगदीच परकी नाही. मिरजेच्या बाजारात मराठीच्या जोडीने कानडीही कानांवर पडते. तरीही गाव सुटल्याची रुखरुख सुटत नाही, आणि ती थोडी कमी व्हावी म्हणून दुपारच्या वेळी संगणकावर नाट्यगीते, अभंग, भावगीते लावून द्यावी लागतात. तिला ऐकू कमी येते. कानामागे श्रवणयंत्र असते, आणि त्यावर डोक्याला लावावयाचे हेडफोन चढविले की ते यंत्र शीळ घालू लागते. म्हणून संगणकाच्या दोन बाजूंना दोन लहानसे काळे स्पीकर ठेवले आहेत. त्यांची किंमत फारशी नाही. पण आमच्या घरात त्यांचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल आहे.

त्याला कारण एक कॅसेट. २००५ साली माझी पहिली नेमणूक शिलाँगला झाली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या सुमारास कंपवाताने गाठले होते. जन्मभर शाळेत शिकविलेला, मोत्यासारख्या अक्षराचा मनुष्य. वेडेवाकडे अक्षर मुलाला पाठविणे त्यांच्या मनाला मानवेना. तेव्हा घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरसमोर बसून त्यांनी आपले पत्र बोलून पाठविले. सत्तावीस मिनिटांचे ते पत्र आहे. आरंभी तिथी व वार, मग अनेक उत्तम आशीर्वाद, मग परसातल्या आंब्याला मोहोर किती आला आणि विहिरीचे पाणी किती खाली गेले याचा तपशील. मधूनच कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "अहो, स्वेटरचं सांगा त्याला!" पुढच्याच वर्षी अण्णा गेले. त्या कॅसेटची फीत आता बुरशीने निकामी झाली आहे. परंतु त्यापूर्वीच ते पत्र मी संगणकात उतरवून घेतले होते. दर वर्षी त्यांच्या श्राद्धतिथीला पाने मांडण्यापूर्वी आई ते पत्र ऐकते. गेल्या वर्षी ती तिथी रविवारी होती, आणि आधीच्या बुधवारी स्पीकर बिघडले.

पहिल्यांदा डावा स्पीकर गप्प झाला. तारेला धक्का लागला की तो खरखर करून बोलू लागे, हात काढला की पुन्हा मौन. बिघाड शोधण्याची एक साधी रीत आहे, आणि ती कचेरीत हरवलेली फाइल शोधण्याच्या रीतीहून वेगळी नाही: मार्गाचे दोन भाग करावयाचे, आणि वस्तू कोणत्या भागापर्यंत सुखरूप पोचली ते पाहावयाचे. मी स्पीकरची पिन काढून संगणकाच्या त्याच छिद्रात हेडफोनची पिन घातली. दोन्ही कानांत गाणे व्यवस्थित ऐकू आले. म्हणजे संगणक निर्दोष. नंतर स्पीकरची पिन मोबाइल फोनला लावली. डावा स्पीकर तिथेही गप्प. म्हणजे दोष स्पीकरात किंवा त्याच्या तारेत. मग तार वीतभर अंतराने हलवीत गेलो, आणि एका जागी ती हलविताच आवाज आला व गेला. ती जागा माझ्याच खुर्चीच्या चाकाखालची होती. गेली तीन वर्षे मी रोज त्या तारेवरून ये-जा करीत होतो.

घराजवळच्या दुकानदाराने सल्ला दिला की, नवीन जोडी घ्या. हिशेबाने तो खोटा नव्हता. पण नवीन वस्तू मिळते म्हणून जुनी टाकावयाची, हे मिरजेत वाढलेल्या माणसाला पटत नाही. तंबोरे आणि सतारी घडविणारे ते गाव. तिथे तुटलेला भोपळा सांधणारे आणि तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून बिघडलेली जवारी पुन्हा लावणारे कारागीर मी लहानपणी पाहिले आहेत. आई म्हणाली, "तारांच्या गावात जन्मलास, आणि तुला एक तार जोडता येऊ नये?" या वाक्यानंतर नवीन स्पीकर आणणे अशक्यच होते.

गुरुवारी रात्री मी खराब झालेला तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोकांवरचे रबर सोलले. आत केसांसारख्या बारीक तारांचे तीन झुबके निघाले: एक तांबडा, एक हिरवा, आणि एक नुसता तांब्याच्या रंगाचा. त्यांच्या मधोमध सुताचे धागेही होते. ताण पडला तर तो तारांवर न येता धाग्यांवर यावा, एवढीच त्यांची योजना. तांबड्याला तांबडा, हिरव्याला हिरवा आणि तांब्याला तांबे असे पीळ घालून मी वर चिकटपट्टी गुंडाळली आणि मोठ्या आत्मविश्वासाने गाणे लावले. गाणे आले नाही. भुंगा गुणगुणावा तसा एक संथ गुंजारव तेवढा दोन्ही स्पीकरांतून येऊ लागला. आधी एक स्पीकर बंद होता. दुरुस्तीनंतर दोन्ही बंद झाले.

शुक्रवारी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी एस्. पी. रोडला गेलो. सादर पत्रप्पा रोड हे त्याचे पूर्ण नाव. टाउन हॉलपासून फार दूर नसलेला हा अरुंद रस्ता म्हणजे विजेच्या आणि संगणकाच्या सुट्या भागांची पेठ आहे. एका बोळात नुसत्या पिना, दुसऱ्यात नुसते पंखे, तिसऱ्यात जुन्या यंत्रांतून काढलेल्या हिरव्या तबकड्यांचे ढीग. एका वृद्ध दुकानदाराने माझी तार हातात घेतली, नखाने खरडली आणि कानडीमिश्रित हिंदीत मला समजावले की, हा तांबडा आणि हिरवा रंग ओळखीपुरता दिलेला नाही. ते वार्निश आहे. प्रत्येक केसावर ते चढविलेले असते आणि वीज त्यातून जात नाही. नुसता पीळ घातल्याने तारा एकमेकींना टेकतात, पण भेटत नाहीत. वार्निश खरवडून किंवा जाळून काढावयाचे आणि मग डाख द्यावयाचा. त्याने मला पंचवीस वॅटचे डाख देण्याचे यंत्र, थोडे कथील-शिशाचे सोल्डर आणि एक लहान मल्टिमीटर दिले. मल्टिमीटर मी नको म्हणत होतो. दोन तारा जोडल्या गेल्या की नाही हे डोळ्यांना दिसते, त्यासाठी यंत्र कशाला? तो म्हणाला, "साहेब, तार बघू नका, मोजा." मी पैसे दिले, पण शब्द तिथेच सोडून आलो.

त्या रात्री मी तांबडा आणि हिरवा झुबका बारीक पॉलिश-कागदाने घासून लखलखीत केला. तिसरा झुबका घासला नाही. तो मुळातच तांब्याच्या रंगाचा होता, त्यावर रंग कुठे होता? तिन्ही जागी डाख दिला आणि गाणे लावले. गाणे आले! आई खुर्चीत सावरून बसली. तबला आला, सारंगी आली, व्हायोलिने आली. गायिका मात्र आली नाही. जिथे तिचा आवाज असावयाचा तिथे दुरून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक अस्पष्ट प्रतिध्वनी होता. साथीदार बैठकीत रंगून वाजवीत होते आणि गाणारीच उठून गेली होती. मी दुसरे गाणे लावले, तिसरे लावले, तीच गत. मग माझ्या मनात शंका आली, आणि आई आत गेल्यावर मी अण्णांचे पत्र लावले. पडद्यावर सेकंदांचे आकडे पळत होते आणि स्पीकरांतून गुंजारवाखेरीज काहीही येत नव्हते. तिथी नाही, आशीर्वाद नाहीत, कुकरची शिट्टीसुद्धा नाही. सत्तावीस मिनिटांची शांतता.

माणूस घाबरला की त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीही आठवत नाहीत. ती सगळी रात्र माझी या समजुतीत गेली की, अण्णांचे पत्र संगणकातून पुसले गेले. कॅसेट तर केव्हाच गेली होती. परवा आईला काय सांगावयाचे, हे शब्द मी मनात जुळवीत होतो. पहाटे केव्हातरी मला हेडफोनची आठवण झाली. बुधवारी ज्या युक्तीने मी संगणक निर्दोष ठरविला होता, तीच युक्ती आता नेमकी विसरलो होतो. अंधारातच उठलो, पिन घातली, आणि दोन्ही कानांत अण्णा बोलू लागले. थोडा वेळ मी काहीच न करता नुसता ऐकत बसलो.

पत्र शाबूत होते, म्हणजे दोष तारेचाच. पण हा दोष मोठा चमत्कारिक होता. तार तुटली तर आवाज बंद पडावा हे समजते. परंतु एखादी तार सारंगी जाऊ देईल, गायिकेला अडवील, आणि अण्णांना तर संपूर्ण गिळून टाकील, असे कसे? तारेला माणसे ओळखता येतात काय? शनिवारच्या सकाळी मी या कोड्याचा पाठपुरावा केला, आणि त्याचे उत्तर मला त्या तिसऱ्या झुबक्यात मिळाले.

स्पीकरची पिन आपण नीट पाहिली तर तिच्या दांड्यावर दोन काळी वलये दिसतात. त्यांनी तिचे तीन भाग होतात. टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधला उजव्याचा, आणि बुंध्याचा भाग दोघांचा सामाईक. या पिनेचे कूळ जुने आहे. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत बसलेला ऑपरेटर दोऱ्यांच्या टोकांच्या जाड पिना फळ्यावरच्या छिद्रांत घालून दोन माणसांची गाठ घालून देत असे; आपली ही साडेतीन मिलिमीटरची पिन त्याच घराण्यातली धाकटी पाती. ज्या शहराने १९४८ पासून इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात देशासाठी टेलिफोन तयार केले, त्या बंगळूरमध्ये ती माझी गुरू व्हावी, हे योग्यच झाले.

वीज ही एका दिशेने जाऊन संपणारी वस्तू नव्हे. ती जिथून निघाली तिथे तिला परत जावे लागते. वर्तुळ पुरे झाले तरच ती वाहते. माझ्या तारेत डाव्या स्पीकरकडे जाणारा मार्ग एक, उजव्याकडे जाणारा एक, आणि दोघांनाही परत येण्याचा मार्ग मिळून एकच. ती परतीची तार म्हणजे तांब्याच्या रंगाचा झुबका. आता ही तार तुटली अशी कल्पना करा. डाव्या तारेने गेलेल्या विजेला परतावयाचे तर उजव्या तारेनेच परतावे लागेल, आणि उजवीकडून गेलेलीला डाव्या तारेने. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन माणसे उभी राहून ते ढकलू लागली, तर काय होईल? दोघांचा जोर सारखा असला तर दार तसूभरही हलणार नाही. जोरात फरक असला तर त्या फरकापुरतेच हलेल. परतीची तार तुटली म्हणजे स्पीकरांतून नेमके हेच होते: डाव्या-उजव्या आवाजांत जो फरक असेल तेवढाच ऐकू येतो, जे दोन्हीकडे सारखे आहे ते एकमेकांना खोडून नाहीसे होते.

दोन बाजूंच्या दोन आवाजांनी ऐकणाऱ्याभोवती बैठक उभी करण्याची ही विद्या अॅलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली मांडली. आजची गाणी अशी ध्वनिमुद्रित होतात की, वाद्ये काही डावीकडे, काही उजवीकडे पसरलेली असतात. गाणारा मात्र मधोमध. मधोमध म्हणजे दोन्ही तारांतून अगदी सारखा. म्हणून सारंगी वाचली आणि गायिका गेली. आणि अण्णांच्या जुन्या टेपरेकॉर्डरला तर एकच मायक्रोफोन होता. त्यांच्या पत्रात डावे-उजवे असे काही नव्हतेच. दोन्हीकडे सगळे सारखे. म्हणून ते सबंध नाहीसे झाले. तो गुंजारवही याच कुळातला. परतीच्या तारेचा आधार सुटलेली स्पीकरची पेटी घरातल्या विजेच्या तारांची कंपने पकडते. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास असतात.

परतीच्या तारेची उपेक्षा करणारा मी पहिला नव्हे, हेही मला नंतर वाचनात आढळले. १८३८ साली कार्ल श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, तारायंत्राला दुसरी तार घातली नाही तरी चालते; दोन्ही टोके जमिनीत पुरली म्हणजे परतीचे काम पृथ्वीच करते. केवढी ही काटकसर! तारायंत्राचे जाळे जगभर पसरले त्यात या एकेरी तारेचा वाटा मोठा होता. परंतु त्याच रीतीने टेलिफोन जोडले तेव्हा लोकांना बोलण्याऐवजी खरखर आणि गुणगुण ऐकू येऊ लागली. विजेच्या ट्राम सुरू झाल्यावर तर त्यांची वीजही त्याच जमिनीतून वाट काढी, आणि संभाषण अशक्य होई. अखेरीस खर्च सोसून प्रत्येक टेलिफोनला परतीची दुसरी तार द्यावीच लागली. आजही तंत्रज्ञ या सामाईक तारेला 'ग्राउंड', म्हणजे जमीनच, म्हणतात, मग ती प्रत्यक्ष जमिनीला टेकलेली असो वा नसो.

उपपत्ती तर सुंदर जुळली. पण मी डाख दिलेला सांधा डोळ्यांना अगदी घट्ट दिसत होता. तेव्हा कुठे मला एस्. पी. रोडवरच्या वृद्धाचे वाक्य आठवले. विजेची जोडणी काढून मी स्पीकरच्या पेटीचे चार स्क्रू सोडविले. आतल्या तबकडीवर त्या तीन तारा तीन ठिपक्यांना जोडलेल्या होत्या. मल्टिमीटरची एक सुई पिनेच्या टोकावर आणि दुसरी आतल्या हिरव्या तारेवर ठेवली: टूं असा आवाज आला, मार्ग सलग. मधल्या भागावर आणि तांबड्या तारेवर ठेवली: टूं. बुंध्यावर आणि तांब्याच्या तारेवर ठेवली, आणि यंत्र गप्प राहिले. सुई दाबून पाहिली, जागा बदलून पाहिली. गप्प.

आई शेजारी बसून भाजी निवडीत होती. तिने चष्मा पुढे ओढून तो सांधा पाहिला. त्यावर डाखाचा गोल, चकचकीत थेंब मण्यासारखा बसला होता. ती म्हणाली, "अरे, धरलीच नाही कल्हई. बघ, मणी झालाय त्याचा."

"म्हणजे काय?"

"कल्हईवाला काय करायचा ते विसरलास? आधी भांडं घासून घासून पांढरं करायचा, मग तापवायचा, नवसागर टाकायचा, आणि मग कथील. मळक्या भांड्यावर कथील पसरतच नाही, नुसतं गोळा होऊन पळतं. ही घासली होतीस?"

मी म्हटले, "ही तर तांब्याचीच दिसत होती. हिच्यावर रंग कुठे होता?"

"दिसत होती," आई म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

आमच्या वाड्यात भाता लावून बसणारा कल्हईवाला मलाही आठवतो. कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात काळेठिक्कर पातेले चांदीसारखे होताना पाहणे, हा त्या काळचा आमचा सिनेमा. परंतु तो आणि मी एकच विद्या करीत आहोत, हे माझ्या मनातही आले नव्हते. त्याचे कथील आणि माझे सोल्डर ही भावंडेच. त्याच्या नवसागराचे काम माझ्या सोल्डरच्या पोटातली राळ करीत होती. दोघांचा नियमही एकच: पृष्ठभाग स्वच्छ असेल तरच धातू धातूला धरतो. मी तांब्याच्या झुबक्यावर पॉलिश-कागद फिरविला. कागदावर पिवळसर भुकटी उतरली, आणि खालचे तांबे एकाएकी गुलाबी, ताजे दिसू लागले. त्याच्यावरही वार्निश होते. फक्त ते बिनरंगी होते. तांबडे आणि हिरवे वार्निश आपण होऊन सांगत होते की मी वार्निश आहे. बिनरंगी वार्निश तांब्याचेच रूप घेऊन बसले होते, म्हणून मी त्याला विचारलेच नाही.

पुढचे काम पाव तासाचे. घासलेल्या दोन्ही टोकांना आधी कल्हई केली, म्हणजे सोल्डरचा पातळ हात दिला. या वेळी ते मणी न होता पाण्यासारखे आत झिरपले. मग टोके एकत्र आणून डाख दिला. तिन्ही सांधे एकमेकांना टेकू नयेत म्हणून थोडे पुढेमागे ठेवले आणि प्रत्येकावर उष्णतेने आकसणारी नळी चढविली. मग मोजले: टूं, टूं, टूं. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून साबणाने हात धुतले. आणि खुर्चीची जागा बदलली. ही शेवटची दुरुस्ती सर्वांत आधी करावयास हवी होती.

माझ्या नोकरीत 'पोच' नावाचा एक क्षुद्र कागद असतो. मोठमोठे आदेश निघतात, त्यांच्या प्रती काढल्या जातात, जावक वहीत नोंद होते, आणि आपले काम झाले असे आम्ही समजतो. तो आदेश समोरच्याच्या हाती पडला, हे सांगणारा चिटोरा परत आला की नाही, हे पाहण्याचे काम सर्वांत कनिष्ठ लेखनिकाकडे असते. त्या चिटोऱ्यात स्वतःचे असे काहीच नसते. जसे परतीच्या तारेत स्वतःचे गाणे नसते. पण तो आला नाही म्हणजे दोन खाती महिनोन्महिने एकमेकांना तेच पत्र सारख्याच जोराने लिहीत राहतात, आणि दार जागचे हलत नाही. हे मी वीस वर्षे पाहत होतो. त्याचा नियम मात्र मला एका तारेने सांगितला.

रविवारी सकाळी आई स्पीकरसमोर येऊन बसली. गुंजारव नव्हता. अण्णांनी तिथी सांगितली, वार सांगितला, आशीर्वाद दिले. आंब्याचा मोहोर, विहिरीचे पाणी, कुकरची शिट्टी, स्वेटर. तिथे आई दर वर्षी हसते, तशी हसली. मी ते पत्र पूर्वी पुष्कळदा ऐकले होते. परंतु चार दिवस तारेचा विचार केल्यानंतर त्याचा शेवट मी पहिल्यानेच ऐकतो आहे, असे मला वाटले. अण्णा म्हणतात, "कॅसेट पोचली म्हणजे कळव. फोनवर नको. अशीच बोलून पाठव, म्हणजे आम्हां दोघांना पुन्हा पुन्हा ऐकता येईल." मग एक खोकला, आणि खटका दाबल्याचा आवाज.

ती पोच मी पाठविली नव्हती. फोन केला होता; "मिळाली" एवढे सांगितले होते. कोरी कॅसेट विकतही आणली होती. पण नवीन नोकरी, नवीन गाव. आज बोलू, उद्या बोलू, असे म्हणता म्हणता वर्ष गेले, आणि मग बोलावयाचे कोणाशी हा प्रश्नच उरला नाही. अण्णांनी सत्तावीस मिनिटे माझ्याकडे पाठविली. माझ्याकडून एका शब्दापलीकडे काही परत गेले नाही. तार घासलेली नव्हती. वरून मात्र ती स्वच्छ तांब्याची दिसत होती: मुलगा नोकरीत आहे, सुखरूप आहे, अधूनमधून फोन करतो.

जेवणे आटोपल्यावर मी संगणकापुढे बसलो, मायक्रोफोन लावला आणि अण्णांच्या पत्राचे उत्तर बोलून ठेवले. तिथी व वार सांगितला. शिलाँगच्या थंडीविषयी सांगितले, स्वेटर वापरला होता हे सांगितले, मिरजेच्या आंब्याचे सांगितले. अकरा मिनिटे झाली. रात्री ते आईला ऐकविले. तिने ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले, आणि म्हणाली, "थोडं हळू बोलायला हवं होतंस. यांना भरभर बोललेलं आवडत नसे." मग म्हणाली, "आता दोन्ही एका जागी ठेव."

ती दोन्ही पत्रे मी एका जागी ठेवली आहेत. आपल्या घरी कधी असाच एखादा स्पीकर रुसला, वाद्ये वाजत राहिली आणि गाणाराच नाहीसा झाला, तर घाबरून जाऊ नका. गाणारा कुठे गेलेला नसतो. परतीची तार शोधा. आणि ती सापडल्यावर, उघडी दिसते म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नका. आधी घासा, मग जोडा, आणि जोडल्यावर मोजून पाहा.